आगमनकाळात मन ठिकाणावर ठेवायचं तर: तारखा, मेणबत्त्या, वाचन आणि थोडं गवत

आगमनकाळ म्हणजे नाताळची वाट पाहण्याचे, त्याआधीचे चार रविवार आणि मधले दिवस. त्याचा पहिला रविवार हा 30 नोव्हेंबरला, म्हणजे संत आंद्रियाच्या सणाला, सगळ्यात जवळचा रविवार. तो 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांमध्ये कुठेही पडतो, म्हणून हा काळ कधी 28 दिवसांचा असतो तर कधी 22च. 2026 मध्ये सुरुवात 29 नोव्हेंबरला आहे. 24 डिसेंबर धरून 26 दिवस मिळतात. 2028 मध्ये मात्र 3 डिसेंबरला सुरुवात आणि 24 डिसेंबरलाच चौथा रविवार: सकाळी चौथी मेणबत्ती (दर रविवारी एक नवी लावतात) आणि रात्री नाताळची मिस्सा. ‘चार आठवडे आहेत की’ असं धरून चालणाऱ्यांचा शेवटचा आठवडा त्या वर्षी हातातून जातो. तेव्हा पहिलं काम सोपं आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर चारही रविवारांभोवती जांभळ्या पेनाने गोल करा आणि 17 तारखेवर एक फुली मारा. फुलीचं कारण पुढे येईल.

गोव्यात ही सुरुवात हमखास झाकोळते. जुन्या गोव्यात सांत फ्रान्सिश शाव्हियेराची (सेंट फ्रान्सिस झेवियरची) नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, 24 नोव्हेंबर ते 2 डिसेंबर, 3 तारखेला फेस्त, लगेच 8 डिसेंबरला पणजीच्या चर्चचं फेस्त. ते उरकून श्वास घ्यावा तर दुसरा आठवडा सुरू झालेला. अशा घरांनी ‘फेस्त झालं की बसू’ म्हणू नये. पहिली मेणबत्ती पहिल्याच रविवारी लावावी, मग त्या आठवड्यात रोज पाच मिनिटंच मिळाली तरी चालतील.

कामं आधी हलवा, मग प्रार्थनेचं बघा

डिसेंबरात लक्ष उडण्याचं मुख्य कारण फारसं आध्यात्मिक नसतंच. घराला रंग, शिंप्याकडच्या फेऱ्या, फराळ, मुलांचं स्नेहसंमेलन, ऑफिसची वर्षअखेर आणि चर्चमधल्या नाटिकेच्या तालमी, हे सगळं शेवटच्या दहा दिवसांत एकमेकांवर आदळतं. त्यात प्रार्थनेचा नवा कार्यक्रम घुसवला की तो पाचव्या-सहाव्या दिवशी बंद पडतो. कामं कमी होणार नाहीत, पण त्यांच्या तारखा हलवता येतात.

रंगकाम, कपडे, पडदे, भेटवस्तू, मैदा-साखर-सुकामेवा हे सगळं पहिल्या रविवारच्या आत. केकचा सुकामेवा रममध्ये मुरवायचा असतो, तो तसाही महिनाभर आधी भिजतो. टिकाऊ फराळ, म्हणजे कलकल, शंकरपाळी, चकली, दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्याच्या शनिवारी. कलकल नीट तळून, पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरले तर दोन-तीन आठवडे कुरकुरीत राहतात. ते 23 तारखेच्या रात्री बारापर्यंत करत बसण्यात कसलाही मोठेपणा नाही. ओल्या नारळाच्या करंज्या मात्र चार दिवसांत आंबूस होतात, त्या शेवटीच करायच्या. 17 डिसेंबरनंतर घरात नवं काम सुरू करायचं नाही एवढा एक नियम सगळ्यांना मान्य करून घ्या. एकट्या आईने पाळायचा नियम टिकत नाही.

आणि फराळाची बैठक फुकट घालवू नका. कलकलासाठी काट्याच्या पाठीवर पिठाची गोळी दाबून गुंडाळायची, हे काम हातांचं आहे. तोंड मोकळं असतं. जपमाळेचं एक दशक, म्हणजे दहा मणी, म्हणायला चार-पाच मिनिटं लागतात, अख्खी पाच दशकं वीस-पंचवीस मिनिटांत होतात. जपमाळ म्हणताना ज्यांवर मनन करतात त्या आनंदाच्या रहस्यांतली पहिली दोन, म्हणजे गाब्रिएल दूताचा निरोप आणि मरियेने एलिझाबेथची घेतलेली भेट, ही तर आगमनकाळाचीच. फक्त तळणाऱ्या माणसाला पुढाकार देऊ नका. त्याने उत्तरं द्यावीत, बाकी लक्ष तेलाकडे. प्रोटेस्टंट घरांत हाच वेळ भजनांना द्यावा. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, परंपरेतल्या घरांत नारायण वामन टिळकांची भजनं मोठ्यांना पाठ असतात. ती या बैठकीत नातवंडांच्या कानांवर पडतात.

पंधरा मिनिटं, एकच जागा

रोज पंधरा मिनिटं. अर्धा तास ठरवणाऱ्यांपेक्षा पंधरा मिनिटं ठरवणारे शेवटपर्यंत पोचतात. वेळ एकच ठेवा आणि ती दुसऱ्या एखाद्या रोजच्या गोष्टीला बांधा. ‘रात्री नऊ वाजता’ यापेक्षा ‘जेवणाची ताटं उचलली की’ हे जास्त टिकतं, कारण नऊ वाजता कुणी ना कुणी गाडीत अडकलेलं असतं. गोव्याकडच्या घरांत संध्याकाळची तेर्स, म्हणजे घरची जपमाळ, अजून चालू असेल तर वेगळी वेळ शोधूच नका, तिच्याआधी पाच मिनिटं वाचन जोडा.

पंधरा मिनिटांची वाटणी अशी करता येईल: दोन मिनिटं मेणबत्ती लावून गप्प बसणं, तीन मिनिटं वाचन, तोच उतारा पुन्हा दोन मिनिटं, मग पाच मिनिटं शांतता, शेवटी तीन मिनिटं कुणासाठी तरी प्रार्थना. उतारा मोठ्याने वाचायचा, एकटे असाल तरी. दुसऱ्या वाचनात जो शब्द अडकेल तो धरून बसायचं. शांततेची पाच मिनिटं सुरुवातीला फार लांब वाटतात. लहान मुलं असतील तर ती एका मिनिटावर आणा, पण गाळू नका. गाळली की बाकीचा कार्यक्रम नुसता वाचनाचा तास होतो.

फोन त्या खोलीत नको. बायबल फोनवर वाचत असाल तर विमानाची खूण दाबून इंटरनेट बंद करा. नातेवाइकांचे आणि सोसायटीचे ग्रुप 24 तारखेपर्यंत म्यूट करायला हरकत नाही. ‘मेरी ख्रिसमस’चे चमचमते व्हिडिओ 1 डिसेंबरलाच यायला लागतात आणि अजून न आलेला सण येऊन गेल्यासारखा वाटतो.

विरार लोकलने जाणाऱ्यांची अडचण वेगळी. तिथे पुस्तक उघडायला हात वर येत नाही. त्यांनी आठवड्याला एक ओळ पाठ करावी, किंवा नुसता एक शब्द घ्यावा: मारानाथा. पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी (16:22) तो आहे, अर्थ ‘आमच्या प्रभू, ये’. श्वास घेताना ‘मारा’, सोडताना ‘नाथा’. मराठी कानाला त्यात ‘नाथ’ ऐकू येतो. शब्द अरामी आहे, हा निव्वळ योगायोग, पण सोयीचा. दोन स्टेशनांच्या मध्ये वीस-तीस वेळा सहज होतो.

रीथ: शोभेची की वापरायची

रीथ म्हणजे हिरवं कडं. त्यात चार मेणबत्त्या ठेवायची पद्धत जर्मनीतल्या प्रोटेस्टंट लोकांची. 1839 मध्ये हॅम्बुर्गला योहान हिनरिख विखर्न या पाळकाने आपल्या आश्रमातल्या गरीब मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या: रविवारांसाठी चार मोठ्या, मधल्या वारांसाठी लहान. ‘नाताळ कधी?’ हे मुलांनी रोज विचारण्यापेक्षा त्यांना ते दिसावं, एवढाच हेतू. आज कॅथलिक चर्चमध्ये तीन जांभळ्या आणि एक गुलाबी असते. गुलाबी तिसऱ्या रविवारची, कारण त्या दिवशीची उपासना आनंदाची. मधोमध पांढरी ठेवणारेही आहेत, ती नाताळची.

घरी करायची तर पितळी परात किंवा स्टीलचं खोलगट ताट घ्या, दोन बोटं वाळू पसरा, मेणबत्त्या वाळूत रोवा. वाळूमुळे त्या कलत नाहीत आणि मेण टेबलावर येत नाही. पाइन-फर आपल्याकडे शोधत बसू नका. वसईपासून खाली कोकण किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत, सुरूच्या फांद्या छान दिसतात. पण त्या आठवड्यात सुकतात आणि सुकलेला सुरू झटकन पेटतो, म्हणून दर शनिवारी बदला आणि ज्योतीपासून चार बोटं लांब ठेवा. आंब्याच्या डहाळ्या चार-पाच दिवसांत मान टाकतात. जांभळ्या मेणबत्त्या मिळाल्या नाहीत तर पांढऱ्यांच्या बुंध्याला जांभळी फीत बांधा. ज्योत खाली आली की फीत आधी सोडा.

सगळ्यात जास्त चुकतं ते मेणबत्तीच्या मापात. पहिली मेणबत्ती रोज लागते, चौथी शेवटचे काही दिवसच. 2026 चा हिशोब रोज पंधरा मिनिटांनी धरला तर पहिली 26 दिवस, म्हणजे साडेसहा तास जळणार. दुसरी 19 दिवस, पावणेपाच तास. तिसरी 12 दिवस, तीन तास. चौथी 5 दिवस, सव्वा तास. वीत-सव्वा वीत उंचीची बोटभर जाड मेणबत्ती साधारण सहा ते आठ तास चालते. पहिल्या जागी वाढदिवसाच्या केकवरची किंवा लोडशेडिंगची पातळ कांडी लावली तर ती दुसऱ्या आठवड्यातच संपते. चारही सारख्याच घ्या. 24 तारखेला त्या पायऱ्यांसारख्या उतरत्या दिसतात, आणि दिसायला हव्यातच. पंखा बंद करून लावा. वाऱ्याने ज्योत एका बाजूला झुकली की मेण वाहून निम्मी मेणबत्ती वाया जाते.

लावण्याआधी खोलीतले दिवे मालवा. यात खरा फरक पडतो. ट्यूबलाइटखाली मेणबत्ती शोभेची वस्तू असते. अंधारात पहिल्या आठवड्यात एका ज्योतीवर वाचायला डोळे ताणावे लागतात, चौथ्या आठवड्यात लागत नाहीत. मुलांना ‘अंधारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला’ हे यशयाचं वाक्य वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

काय वाचायचं

लूकच्या शुभवर्तमानाचे 24 अध्याय आहेत, म्हणून 1 ते 24 डिसेंबर रोज एक अध्याय वाचायची पद्धत बरीच पसरली आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याला ती सोपी पडते. पण तिच्यात एक अडचण आहे: येशूचा जन्म 2 तारखेला वाचून होतो आणि नाताळच्या आदल्या दिवशी तुम्ही पुनरुत्थानात असता. शिवाय पहिल्याच दिवशी 80 वचनं. वाट पाहायचा काळ असेल तर वाचनानेही वाट पाहायला लावावी.

म्हणून चर्चच्या रोजच्या वाचनांचा क्रम घ्या. मधल्या वारांची ही वाचनं दरवर्षी जवळपास तीच असतात. पहिला आठवडा सोमवारपासून यशया 2:1-5, 11:1-10, 25:6-10, 26:1-6, 29:17-24, 30:19-26. दुसऱ्या आठवड्यात 35:1-10, 40:1-11, 40:25-31, 41:13-20, 48:17-19. एवढ्यात लांडगा आणि कोकरू एकत्र राहतात, वाळवंट फुलतं, आणि प्रभूसाठी रस्ता सपाट करायची हाक येते. मराठीत ‘वाट’ पाहतातही आणि ‘वाट’ तयारही करतात. यशयाच्या 40व्या अध्यायात दोन्ही एकत्र येतात, त्या दिवशी थोडं जास्त थांबा.

मोठ्या माणसांना जुन्या मराठीची गोडी असेल तर फादर थॉमस स्टीफन्स यांचं 1616 मध्ये छापलेलं ‘क्रिस्तपुराण’ काढा. त्याचा पहिला भाग जुन्या करारावर, म्हणजे तारणाऱ्याची वाट पाहण्याच्या काळावरच आहे. रोज दहा-पंधरा ओव्या, चालीवर म्हणून. मनात वाचल्या तर त्या जड वाटतात.

17 तारखेची फुली

17 डिसेंबरपासून उपासनेचा सूर बदलतो. त्याआधीची वाचनं ख्रिस्ताच्या पुन्हा येण्याकडे आणि योहान बाप्तिस्मा करणाऱ्याकडे बघतात. या दिवसापासून थेट जन्माची तयारी सुरू होते. रोजचं शुभवर्तमान असं: 17 ला मत्तय 1:1-17, 18 ला 1:18-25, मग 19 पासून लूक 1:5-25, 1:26-38, 1:39-45, 1:46-56, 1:57-66 आणि 24 च्या सकाळी 1:67-79. पहिल्या दिवशी वंशावळ आली की लोक पान उलटतात. उलटू नका. ती नावं घरातल्या वेगवेगळ्या माणसांनी आळीपाळीने वाचली तर तीन मिनिटं लागतात, आणि तामार, राहाब, रूथ ही नावं तिथे का आहेत असा प्रश्न कुणीतरी विचारतंच. पुढचं बोलणं आपोआप होतं.

17 ते 23 या सात संध्याकाळी मरियेच्या स्तोत्राआधी म्हणायच्या सात जुन्या हाका आहेत. प्रत्येकीत येणाऱ्याला एक नाव: ज्ञान, प्रभू, इशायाचं मूळ, दावीदाची किल्ली, उदयप्रकाश, राष्ट्रांचा राजा, इम्मानुएल. घरी करताना रोज ते नाव एका कागदावर लिहून रीथजवळ ठेवा आणि सोबतचं वचन वाचा: यशया 11:2, 33:22, 11:10, 22:22, 9:2, 28:16, 7:14. ‘उदयप्रकाश’ 21 तारखेला येतो, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या आसपास. त्या दिवशी सकाळी उजाडायच्या आधी उठून गच्चीवर हे वाचून पाहावं.

पापनिवेदन, म्हणजे गोव्यातलं कुमसार, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. 22-23 तारखेला रांग लांब, फादर थकलेले, तुम्ही घाईत. दुसऱ्या आठवड्यातली एखादी साधी संध्याकाळ निवडा आणि आदल्या रात्री पंधरा मिनिटं कागद घेऊन बसा. ‘या वर्षी मी कुणाशी बोलणं टाकलं?’ हा एकच प्रश्न बहुतेकांना पुरतो.

गव्हाणी रिकामी ठेवा, गवत उगवू द्या

येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा तिसऱ्या रविवारनंतर मांडा, पण बाळ येशूची मूर्ती 24 च्या रात्रीपर्यंत कपाटात. मुलं रोज डोकावून बघतात आणि गव्हाणी रिकामी असते, हीच शिकवण. शेजारी पेंढ्याच्या काड्या ठेवा. कुणालाही न सांगता केलेल्या एका चांगल्या कामाला एक काडी. मोजदाद करायची नाही, नाहीतर भावंडांत स्पर्धा लागून चांगली कामं जाहीर होऊ लागतात.

गोठ्याभोवती हिरवं गवत हवं असेल तर 13 किंवा 14 डिसेंबरला गहू पेरा. क्रोएशिया-हंगेरीकडे 13 तारखेला, संत लुसीच्या दिवशी, गहू पेरतातच. आपल्याकडे नवरात्रातल्या घटामुळे हे तंत्र शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही ठाऊक असतं. दोन वाट्या गहू रात्रभर भिजवा, सकाळी पाणी काढा, उथळ ट्रेमध्ये दोन बोटं माती घालून दाणे एकमेकांना चिकटून पसरा, वरून पातळ माती. मोड दिसेपर्यंत ओलं फडकं, मग खिडकीत. पाणी हाताने शिंपडा. ट्रेमध्ये पाणी साचलं की तिसऱ्या दिवशी बुरशी आणि आंबट वास. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं तर पिवळं आणि लुळं. 1 तारखेलाच उत्साहाने पेरलं तर 20 ला वाकून पडतं. दहा-अकरा दिवसांत वीतभर होतं. या कामात घाई करता येत नाही, म्हणून ते मुलांकडे द्या.

तांदळाचीही एक जुनी रीत आहे. मिझोरामच्या ख्रिस्ती घरांत भात रांधताना दर वेळी एक मूठ वेगळी काढतात. घरात दोन वेळा भात होत असेल तर 26 दिवसांत 52 मुठी, म्हणजे दोन-अडीच किलो. वेगळा डबा स्वयंपाकघरात दिसेल असा ठेवा आणि 23 ला ज्याला द्यायचा त्याचं नाव पहिल्याच रविवारी ठरवा. नाव नसलेला डबा जानेवारीत पुन्हा मोठ्या डब्यात ओतला जातो.

चर्चचीच कामं करणाऱ्यांसाठी

गायकवृंद, नाटिका, सजावट समिती, संडे स्कूल: आगमनकाळ सगळ्यात जास्त हुकतो तो यांचाच. नोव्हेंबरपासून नाताळची गाणी घोकून 25 ला गळा आणि मन दोन्ही बसलेलं असतं. तालमी टळणार नाहीत, पण प्रत्येक तालमीच्या आधी त्या दिवसाचा उतारा वाचून दोन मिनिटं शांत बसता येतं. उशिरा येणारे ती दोन मिनिटं बुडवतात, म्हणून दार लावून घ्या. घरी मात्र टीव्हीवर नाताळची गाणी 24 पर्यंत लावू नका. कॅरलची फेरी दारात आली तर अर्थात गायचं, चहा द्यायचा.

दिवस चुकला तर भरून काढू नका. चार दिवस राहिले म्हणून चार उतारे एका बैठकीत वाचणारा पाचव्या दिवशी सोडतो. सरळ आजच्या तारखेचा उतारा उघडा. घरात आजारपण असेल, रात्रपाळी असेल, तर मेणबत्ती लावून मारानाथा म्हणा आणि झोपा.

24 ला दुपारी दोन तास झोप ठेवा, विशेषतः रात्रीच्या मिस्सेला जाणाऱ्यांनी आणि मुलांनी. दिवसभर राबलेला माणूस प्रवचनात पेंगतो, त्याला इलाज नाही. निघायच्या आधी चारही मेणबत्त्या शेवटच्या लावा, जखऱ्याचं स्तोत्र (लूक 1:67-79) वाचा, विझवा, वाळूतून काढा. परतल्यावर मधोमध पांढरी लावायची आणि घरातल्या सगळ्यात लहान माणसाच्या हाती बाळ येशू द्यायचा, काड्यांवर ठेवायला.